मैत्रिणींना सांगितलंच होतं

मावशीला मी व्हिव्हियन बुलविंकलची, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या ऑस्ट्रेलियन नर्सची, गोष्ट सांगत होते. मावशीची उभी हयात वॉर्डात गेलेली, त्यामुळे तिला ती जवळची वाटेल असा माझा अंदाज. समुद्र, गोळीबार, जंगल, छावणी असं सगळं सांगून झालं आणि शेवटी मी म्हणाले, "एवढं सगळं पोटात ठेवून साडेतीन वर्षं काढली गं तिनं. कुणाला एका शब्दानं बोलली नाही." मावशी पदरानं चष्मा पुसत होती. वर न बघताच म्हणाली, "बोलली नाही कसं? मैत्रिणींना सांगितलंच होतं ना." मग चष्मा लावला आणि पेपर उघडला. तिच्यापुरता विषय संपला होता.

माझ्यापुरता तो तिथून सुरू झाला. ज्या बाईनं छावणीतल्या एकतीस मैत्रिणींना सांगितलं, तिच्याबद्दल आपण सहज "कुणालाच सांगितलं नाही" असं म्हणतो. घरच्यांना कळलं नाही की ते गुपित, असाच आपला हिशोब असतो. घराबाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून ते बोललं गेलं असेल, त्यावर रडून झालं असेल, त्याचं पुढं काय करायचं हेही ठरलं असेल, हे आपल्या गावीही नसतं.

सिंगापूर जपान्यांच्या हाती पडायच्या तीन दिवस आधी, १२ फेब्रुवारी १९४२ला, ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या शेवटच्या ६५ नर्सेसना व्हायनर ब्रुक नावाच्या बोटीवर चढवलं होतं. दोन दिवसांनी जपानी विमानांनी ती बोट सुमात्राजवळ बुडवली. बारा जणी समुद्रातच गेल्या. बेटी जेफ्री आणि आयोल हार्पर या दोघी एका तराफ्याला धरून होत्या. तराफ्याचं ओझं कमी व्हावं म्हणून त्या पाण्यात उतरून पोहायला लागल्या, तेवढ्यात प्रवाहानं तो लांब ओढून नेला. त्यावरच्या मेट्रन ऑलिव्ह पाश्क आणि बाकीच्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. या दोघी मात्र खारफुटीतून पोहत, चिखलातून वाट काढत दिवसच्या दिवस एकमेकींना धरून राहिल्या. आणि बावीस जणी बांका बेटाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांच्यात व्हिव्हियन होती.

त्या किनाऱ्यावरची एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. बोटीतून वाचलेल्या इतर बायकामुलांना चालत मुंटोक गावाकडे पाठवून दिलं गेलं होतं. नर्सेसना त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. पण जखमी पुरुष वाळूत पडलेले होते, म्हणून त्या थांबल्या. दंडावर रेडक्रॉसच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर भरवसाही होता. जपानी सैनिक आले. चालू शकणाऱ्या पुरुषांना त्यांनी खडकांच्या पलीकडे नेलं आणि परतले ते संगिनी पुसत. मग बायकांना समुद्रात चालत जायला सांगितलं. मेट्रन आयरीन ड्रमंडनं मुलींना धीर दिला, तुमचा मला अभिमान आहे म्हणाली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा पाठीमागून मशीनगन चालली. व्हिव्हियनच्या डाव्या कमरेच्या जरा वर गोळी शिरली आणि आरपार गेली. ती मेल्यासारखी तरंगत राहिली. बाकीच्या एकवीस जणी गेल्या.

पुढचे बारा दिवस ती जंगलात होती आणि तिथंही तिची ड्यूटी चुकली नाही. किंझली नावाचा एक ब्रिटिश सैनिक संगिनीच्या जखमा घेऊन पडलेला तिला सापडला, त्याची शुश्रूषा करत बसली. जवळच्या गावात अन्न मागायला गेली तर पुरुषांनी नाही म्हणून परत पाठवलं, आणि गावातल्या बायका मागच्या मागं हळूच येऊन अन्न देऊन गेल्या. आता शरण जायचं असं ठरलं तेव्हा किंझली म्हणाला, उद्या माझा वाढदिवस आहे, एक दिवस थांबू. तो वाढदिवस मोकळ्यावर घालवून ते दुसऱ्या दिवशी निघाले. थोड्याच दिवसांत तो गेला.

जपान्यांच्या कैदछावणीत शिरताना व्हिव्हियननं पाण्याची बाटली अशी लटकवली होती की गणवेशावरचं गोळीचं भोक तिच्याखाली झाकलं जावं.

तो करडा गणवेश आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. साधं सुती कापड. छावणीत जिवंत पोचलेल्या बाकीच्या एकतीस जणींना तिनं काय घडलं ते सांगितलं आणि त्यांनी ठरवलं की याचा उच्चार पुन्हा करायचा नाही. या कत्तलीची एक साक्षीदार जिवंत आहे हे जपान्यांना कळलं असतं तर तिला मारलंच असतं, आणि ऐकणाऱ्यांनाही. कल्पना करून बघा, जिथं शेजारणीचा खोकला आपल्या अंगात उमटतो, जिथं आंघोळीलाही आडोसा नाही, भांडणं आहेत, भूक आहे, मलेरिया आहे, अशा बराकीत एकतीस बायका साडेतीन वर्षं एक गोष्ट जिभेवर येऊ देत नाहीत. तापात बरळतानासुद्धा नाही. त्यांतल्या आठ जणी १९४५ साली एकेक करून छावणीतच गेल्या. शेवटची गेली १८ ऑगस्टला, जपानच्या शरणागतीला तीन दिवस झाले होते आणि छावणीत त्याची कुणाला खबर नव्हती. मैत्रिणीच मैत्रिणींची तिरडी उचलत होत्या, खड्डेही त्याच खणत होत्या. आठ जणी ते गुपित बरोबर घेऊन गेल्या, चोवीस जणी घरी परतल्या.

आता मावशीच्या त्या वाक्याकडे येते. मावशीची एक मैत्रीण होती, ट्रेनिंगपासूनची. दोघी हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेल्या. ती आली की दोघी पलंगावर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायच्या आणि आम्ही मुलं आजूबाजूला घुटमळायचो, कारण त्यांच्या बोलण्यात रक्त असायचं, डॉक्टर असायचे, रात्रपाळीतली भुतं असायची. पण मधेच एखादी अशी जागा यायची. एक म्हणायची, "ती बारा नंबरची गं..." दुसरी म्हणायची, "हो." मग दोघी गप्प. मावशी हातातल्या जुन्या चादरीच्या पट्टीची गुंडाळी करत राहायची, अंगठ्यानं कड दाबत, इतकी घट्ट की ती पुढं कशालाच वापरायची नसली तरी बँडेज म्हणून चालली असती. बारा नंबरच्या खाटेवर कोण होतं, तिचं काय झालं, हे आम्हाला कधी कळलं नाही. मावशीच्या मुलीनं एकदा विचारलंही. मावशी म्हणाली, "तुला काय करायचंय?" रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. माझी मावसबहीण अजून म्हणते, आईनं मला तिच्या आयुष्यात घेतलंच नाही. आणि मला वाटतं, जे तिला दार लावून घेतल्यासारखं वाटलं, ते दुसऱ्या बाजूनं बघितलं तर दोघींमधलं एक वचन होतं. दोन्ही खरं आहे. मुलीचं दुखणं त्यानं कमी होत नाही.

नर्सेसच्या घरांत गुपितं जरा जास्त असतात का? मला वाटतं, असतात, आणि त्याचं कारण धंद्यातच आहे. दुसऱ्याचं उघडं अंग, दुसऱ्याची घाण, दुसऱ्याची भीती रोज हाताळायची आणि पाळी संपली की तिथंच ठेवून यायची, हे पहिल्या वर्षापासून अंगी बाणवलेलं असतं. युद्धात त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडलं. मेलेल्या सैनिकाच्या घरी पत्र अनेकदा सिस्टर लिहायची. त्या पत्रांत मुलगा शांतपणे गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत, शेवटी तुमची आठवण काढली, असं असायचं. काही वेळा ते खरंही असेल. बऱ्याच वेळा शेवटची आठवण तेवढी खरी असायची आणि बाकीचं, आईला वाचवेल असं लिहिलेलं. म्हणजे स्वतःच्या घरापासून काही लपवण्याच्या कितीतरी आधी या मुलींनी परक्या घरांसाठी गुपितं तयार केली होती. त्या घरांतल्या लोकांनी ती पत्रं पेटीत जपून ठेवली, नातवंडांना दाखवली. खरं काय झालं ते रात्री दिवा मालवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला सांगितलं गेलं. सांगायची दुसरी जागा नव्हतीच.

पण मैत्रिणीपासूनच लपवलं तर?

पहिल्या महायुद्धातल्या एल्सी नॉकर आणि माइरी चिझम या दोघींची गोष्ट वाचताना मला हा प्रश्न छळत राहिला. १९१४ साली एल्सी तिशीची, माइरी अठराची. दोघींना मोटारसायकलचं वेड, त्यातूनच ओळख. माइरीच्या आईचा विरोध होता, तर ही मुलगी रुमालात जुजबी कपडे बांधून मोटारसायकलवरून निघाली. एल्सी शिकलेली नर्स आणि सुईण होती. तिचं एक म्हणणं होतं, आणि ते आज कुणालाही पटेल: जखमी माणूस जखमेनं जेवढा मरतो तेवढाच धक्क्यानं आणि खाचखळग्यांतून होणाऱ्या प्रवासानं मरतो. त्याला आधी जागच्या जागी ऊब द्या, स्थिर होऊ द्या आणि मगच इस्पितळाकडं हलवा. त्यासाठी बेल्जियममधल्या पेर्व्हिझ गावात, खंदकांच्या पाठीला लागून, एका पडक्या घराच्या तळघरात दोघींनी ठाण मांडलं. तळघर एवढंसं. पेंढ्यावर झोपायचं, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. आसपासच्या पाण्यात प्रेतं कुजलेली. दोघी सैनिकांना खंदकात गरम सूप आणि कोको नेऊन द्यायच्या, स्ट्रेचर उचलायच्या, रुग्णवाहिका चालवायच्या. बेल्जियमच्या राजानं त्यांना सन्मान दिला, १९१७ साली ब्रिटिश मिलिटरी मेडल मिळालं. १९१८च्या वसंतात विषारी वायूच्या हल्ल्यात दोघी सापडल्या आणि तिथलं पर्व संपलं. मधली साडेतीन वर्षं त्यांनी एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर काढली होती.

एल्सीनं सगळ्यांना सांगितलं होतं की ती विधवा आहे, नवरा जावामध्ये वारला. नवरा जिवंत होता. तिचा घटस्फोट झाला होता आणि इंग्लंडमध्ये एक लहान मुलगा होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये याचा अर्थ काय होता ते लक्षात घ्यायला हवं. १८५७च्या कायद्यानं नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार एवढंच सिद्ध करावं लागे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. ही तफावत १९२३ साली गेली. म्हणजे जी बाई त्यातून सुटून आली ती नवऱ्याच्या छळाची कहाणी कोर्टात सगळ्यांसमोर सांगून आली, आणि तरीही डाग तिलाच लागला. विधवेला सहानुभूती मिळे, घटस्फोटितेकडे लोक पाठ फिरवत. एल्सीनं त्यातल्या त्यात जगता येईल असं खोटं निवडलं. १९१६ साली तिनं एका बेल्जियन बॅरनशी लग्न केलं. तो कॅथलिक, घटस्फोट न मानणाऱ्या पंथाचा. खरं बाहेर आलं तेव्हा ते लग्नही राहिलं नाही.

माइरीशी असलेली मैत्रीही त्यानंच तुटली, असं त्यांच्या आयुष्यावर लिहिणारे मानतात. युद्धानंतर दोघींचा संबंध जवळजवळ संपलाच. माइरी एका बालमैत्रिणीबरोबर कोंबड्या पाळण्याच्या व्यवसायात रमली. एल्सीचा मुलगा केनेथ मोठा होऊन हवाई दलात गेला आणि १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. एल्सीनं आपल्या घराला नाव ठेवलं होतं 'पेर्व्हिझ'. रोज त्या नावाच्या दारातून आत जायची, आणि त्या नावाचा अर्थ जिला कळला असता ती दुसरीकडे कुठेतरी राहत होती. एल्सी १९७८ साली गेली, माइरी १९८१ साली. युद्धानंतरची साठेक वर्षं दोघी हयात होत्या.

मी सुरुवातीला माइरीवर चिडले होते. घटस्फोट झाला होता म्हणून मैत्रीण टाकायची? जिच्याबरोबर तोफांच्या माऱ्यात स्ट्रेचर उचललं तिला? पण हळूहळू माझा राग निवळला. अठरा वर्षांची मुलगी, जिचं सगळं शिक्षण त्या तळघरात झालं, एल्सीच्या हाताखाली झालं. तिच्या मनाशी जाऊन बघितलं तर मला ऐकू येतं ते असं: "मलाही नाही सांगितलंस?" जगाला सांगितलेलं खोटं माणूस समजून घेतं. पण तेच खोटं आपल्यालाही सांगितलं होतं, रात्री, अंधारात, कदाचित उद्या मरू असं वाटत असताना, हे कळलं की मागच्या सगळ्या रात्री पुन्हा तपासाव्या लागतात. एल्सीच्या बाजूनं बघावं तर तिला हे एकच माणूस गमवायचं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नसेल. मी कुणाच्याही बाजूनं निकाल देऊ शकत नाही. मात्र इतकं नक्की वाटतं की त्यांच्यातलं अंतर त्या दोघींनी एकट्यांनी निर्माण केलेलं नव्हतं. तो कायदा आणि पाठ फिरवणारी ती सगळी माणसंही त्या तळघरात शिरून बसलेली होती.

व्हिव्हियनकडे पुन्हा जायला हवं, कारण तिची गोष्ट मी मावशीला सांगितली तेवढ्यावर संपत नाही. १९४६ साली तिनं टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणासमोर साक्ष दिली. किनारा, समुद्र, मशीनगन, सगळं. पण सगळं नव्हे. गोळ्या घालण्याआधी त्या नर्सेसवर बलात्कार झाला होता, ही गोष्ट २०१९ साली, ७७ वर्षांनी, इतिहाससंशोधकांच्या आणि पत्रकारांच्या कामातून जगापुढे आली. व्हिव्हियननं मरण्याआधी एका पत्रकार स्त्रीजवळ मन मोकळं केलं होतं. हे बोलायचं नाही, असं तिला वरून बजावण्यात आलं होतं. साक्षीत सांगायची तिची इच्छा होती. २००० साली ती गेली तोवर हे तिला आतून कुरतडत राहिलं.

इथं मी फार अस्वस्थ होते. छावणीतलं मौन आणि हे मौन, दोन्हींना आपण एकच शब्द लावतो आणि दोन्हींचं सारखंच कौतुक करतो: "काय सहनशक्ती!" पहिलं मौन एकतीस मैत्रिणींनी मिळून तिला दिलं होतं, तिचा जीव वाचावा म्हणून. त्यात ती एकटी नव्हती. दुसरं मौन सुटका झाल्यावर, आपल्याच माणसांनी तिच्यावर लादलं. त्यामागे नर्सेसच्या कुटुंबांना लाज वाटेल हा विचार असेल, त्यांना सिंगापूरमधून वेळेत का हलवलं नाही हा प्रश्न टाळायचा असेल. जे काही असेल, त्यात तिला विचारलं गेलं नाही. शत्रूच्या बंदुकीपुढं जी बाई डगमगली नाही तिला स्वतःच्या देशातल्या टेबलापलीकडून गप्प केलं गेलं, याला मी सहनशक्ती म्हणणार नाही. तो तिच्यावर झालेला अन्याय आहे.

आणि ते गुपित तिचं एकटीचं कुठं होतं? किनाऱ्यावर पडलेल्या एकवीस जणींचंही होतं. त्यांच्या घरी भाऊबहिणी होत्या, नंतर भाचरं झाली, ज्यांनी भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोखाली वाढताना एवढंच ऐकलं की आत्या युद्धात गेली, मावशी युद्धात गेली. २०१९मध्ये त्या भाचरांना पेपरातून कळलं. मी त्यांच्या जागी असते तर मला कळायला हवं होतं का? माझं उत्तर हो असंच येतं, आणि ते देताना पोटात कालवाकालव होते. कारण ती आत्या स्वतः असती तर तिनं कदाचित भाचीला म्हटलं असतं, "तुला काय करायचंय?" तसं म्हणायचा तिचा हक्कही होता. पण तिनं तसं म्हणणं आणि एखाद्या अधिकाऱ्यानं तिच्या वतीनं म्हणणं या दोन गोष्टी मी एका तागडीत घालू शकत नाही.

परतल्यानंतर व्हिव्हियन आणि बेटी जेफ्री, जी छावणीनंतर दोन वर्षं आजारपणात काढून उठली होती, या दोघींनी एक काम अंगावर घेतलं. मेलेल्या मैत्रिणींचं स्मारक दगडाचं नको, जिवंत नर्सेसच्या उपयोगाचं हवं, यासाठी निधी जमवायला त्या व्हिक्टोरिया राज्यात बेटीच्या छोट्या गाडीतून गावोगाव फिरल्या. एकामागून एक इस्पितळं, प्रत्येक ठिकाणी उभं राहून तेच बोलणं. त्यातून मेलबर्नचं नर्सेस मेमोरियल सेंटर उभं राहिलं, १९५० साली. मला त्या प्रवासातल्या भाषणांपेक्षा भाषणांनंतरचा वेळ जास्त दिसतो. सभा संपल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी पुढं येतच असेल, एखाद्या गेलेल्या मुलीची आई किंवा बहीण. आमची शेवटी कशी होती, तिला त्रास झाला का, असं विचारत असेल. व्हिव्हियन उत्तर देत असेल, कुठं थांबायचं ते बेटीला माहीत असेल, आणि एक अडखळली तर दुसरी वाक्य पुरं करत असेल. मग दोघी गाडीत बसून पुढच्या गावाच्या रस्त्याला लागत असतील, आणि त्या आईला जे सांगितलं नाही ते आता एकमेकींना मोठ्यानं सांगायचीही गरज उरली नसेल.